विश्लेषण : इंजिन बंद पडले तरी विमान तरंगते, मग घरी बांधलेली विमाने उड्डाणानंतर लगेच का कोसळतात?

हौशी मंडळींनी स्वतःच्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये बांधलेली छोटी विमाने अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत आता नवलाईचा विषय राहिलेली नाहीत. मात्र या विमानांच्या अपघातांच्या चौकशी अहवालांत एक घटनाक्रम पुन्हा पुन्हा दिसतो. विमान धावपट्टी सोडते, काही सेकंदांत इंजिनाची शक्ती कमी होते, वैमानिक धावपट्टीकडे वळू पाहतो आणि वळता वळता विमान एका पंखावर झुकून जमिनीवर आदळते. इंजिन बंद पडलेले छोटे विमान दगडासारखे खाली येत नाही, ते तरंगत उतरू शकते. तरीही हे अपघात जिवावर का बेततात आणि ते टाळता येतात का, याचा हा आढावा.

घरी बांधलेले विमान म्हणजे नेमके काय?

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाचा आराखडा, इंजिन, इंधनाच्या नळ्या, अगदी टाकीचे झाकणसुद्धा ठरावीक निकषांवर तपासून प्रमाणित केलेले असते. हौशी विमानाचे तसे नसते. अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेच्या, म्हणजे 'एफएए'च्या नियमांनुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी केवळ शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधलेला असेल, तर त्याची 'प्रायोगिक' गटात नोंद होते. यालाच '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. बहुतेक जण सुट्या भागांचा संच, म्हणजे किट विकत घेऊन जोडणी करतात. काही जण केवळ नकाशे घेऊन सर्व भाग स्वतः घडवतात.

या मुभेसोबत अटीही येतात. नव्या विमानाला सुरुवातीला ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणे करावी लागतात. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास आणि नसेल तर ४० तास. या काळात प्रवासी नेता येत नाही. हे विमान हौशी बांधणीचे असून प्रमाणित विमानांचे सुरक्षा निकष पूर्ण करत नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशा जागी लावावी लागते. थोडक्यात, प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्याची जोखीम बांधणाऱ्याने पत्करायची आहे.

आकडेवारी काय सांगते?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे 'एनटीएसबी'ने २०१२ मध्ये या विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. देशातील खासगी व छोट्या विमानांच्या ताफ्यात हौशी बांधणीच्या विमानांचा वाटा जवळपास १० टक्के होता. मात्र २०११ मधील अशा एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, तर प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. म्हणजे संख्येच्या मानाने प्राणघातक अपघातांचे प्रमाण दुपटीहून अधिक.

घरी बांधलेल्या विमानाचा पंख तुटेल, सांधा निखळेल, अशी भीती सर्वसामान्यांना वाटते. अभ्यासात मात्र सांगाडा मोडल्याने झालेले अपघात फारसे आढळले नाहीत. सर्वाधिक अपघातांच्या मुळाशी दोनच गोष्टी होत्या. एक, इंजिनाची शक्ती जाणे आणि दुसरी, हवेत विमानावरचे नियंत्रण सुटणे.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, म्हणजे 'एटीएसबी'ने १९८८ ते २०१० या काळातील अपघात तपासले. तिथेही चित्र वेगळे नव्हते. तशाच प्रकारची उड्डाणे करणाऱ्या कारखान्यातील विमानांपेक्षा हौशी विमानांचा अपघात दर तिप्पट होता. निम्म्याहून अधिक अपघातांची सुरुवात यांत्रिक बिघाडाने झाली होती आणि त्यात इंजिन पूर्ण वा अंशतः बंद पडण्याचे प्रकार मुख्य होते. आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. अपघातग्रस्त हौशी विमानांचे वैमानिक नवशिके नव्हते. एकूण उड्डाणांच्या तासांत ते कारखान्यातील विमानांच्या अपघातग्रस्त वैमानिकांपेक्षा अधिक अनुभवी होते. कमी होता तो त्या विशिष्ट विमानाचा अनुभव.

इंजिन नेमके उड्डाणानंतरच का दगा देते?

इंजिनाची सर्वांत कठीण परीक्षा उड्डाणाच्या वेळी होते. जमिनीवर विमान हळूहळू धावपट्टीकडे नेताना इंजिनाला थोडेच इंधन लागते. उड्डाण करताना इंजिन पूर्ण शक्तीवर चालते आणि इंधनाची मागणी एकदम कमाल पातळीवर जाते. नळीत कुठे अर्धवट अडथळा असेल, गाळणीत कचरा साचला असेल किंवा टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले असेल, तर मंद गतीवर हे काहीच जाणवत नाही. पूर्ण शक्ती लावली की काही सेकंदांत इंजिन उपाशी राहू लागते.

दुसरे कारण विमानाच्या स्थितीचे. वर चढताना विमानाचे नाक वर असते, त्यामुळे टाकीतील इंधन मागे सरकते. इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंड चुकीच्या जागी असेल, तर ते उघडे पडू शकते. जिथे इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे येते, तिथे नाक वर गेल्यावर टाकी आणि इंजिन यांच्या उंचीतला फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो.

तिसरे कारण जुन्या स्कूटरवाल्यांना चटकन कळेल. पेट्रोलचा कॉक बंद असतानाही स्कूटर सुरू होते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि मग अचानक बंद पडते. कार्ब्युरेटरच्या वाटीत आणि नळीत उरलेले पेट्रोल तेवढे अंतर पुरते. विमानातही इंधनाचा कॉक बंद किंवा अर्धवट उघडा राहिला, तर ते उरलेले इंधन विमानाला धावपट्टीवरून उचलण्याइतपत पुरू शकते. ते संपते तेव्हा विमान हवेत असते आणि खाली धावपट्टी उरलेली नसते.

दोष इंजिनाचा की त्याच्या जोडणीचा?

इंजिन बंद पडले म्हटले की पिस्टन, झडपा, गिअर यांचीच मोडतोड झाली असावी असे वाटते. तसे घडतेही. पण हौशी विमानांत बऱ्याचदा इंजिन शाबूत असते, त्याला इंधन, हवा किंवा ठिणगी पुरवणारी व्यवस्था कमी पडते. ही व्यवस्था बहुधा बांधणाऱ्याने स्वतः जोडलेली असते.

नव्या टाकीत फायबरग्लासची भुकटी, सीलंटचे तुकडे, कापलेल्या नळीचे बारीक कण राहून जातात. पहिल्या काही उड्डाणांत विमान हादरू लागले की ते सुटतात आणि गाळणीत जाऊन बसतात. इंधनाची नळी गरम एक्झॉस्टजवळून नेलेली असेल, तर उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रव इंधन मिळत नाही. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. उड्डाणाआधी विमान उन्हात रांगेत उभे राहिले, तर इंजिनाच्या कप्प्यातली उष्णता आणखी वाढते. मोटारीचे पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ होणारे असते. त्यात इथेनॉल असेल, तर ते पाणी शोषून घेते आणि काही प्रकारच्या नळ्या व सीलंट खराब करते.

खर्च वाचवण्यासाठी काही जण मोटारीचे इंजिन विमानाला बसवतात. पारंपरिक विमान इंजिनात ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि बॅटरी संपली तरी ते चालू राहतात. मोटारीच्या इंजिनातील इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इंधन फवारणी पूर्णपणे विजेवर अवलंबून असते. दुसरी बॅटरी किंवा पर्यायी वायरिंग नसेल, तर एक सैल जोडणीसुद्धा इंजिन बंद पाडायला पुरेशी ठरते. मोटारीचे इंजिन वाईट असते असा याचा अर्थ नाही. ते ज्या परिस्थितीसाठी बनले, त्याहून वेगळ्या परिस्थितीत ते चालवले जाते आणि त्यासाठीची सर्व जुळवाजुळव एकाच व्यक्तीने केलेली असते.

'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे!

मोटार चालवणारे इंजिन बंद पडण्याला 'स्टॉल' म्हणतात. विमानाच्या भाषेत मात्र या शब्दाचा इंजिनाशी संबंध नाही. पंख हवेला ठरावीक कोनात कापत जातो, तेव्हा त्याला उचल मिळते. हा कोन वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. छोट्या विमानांच्या पंखांत हा कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला, की पंखाच्या वरच्या बाजूने वाहणारी हवा पृष्ठभागापासून सुटते आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो आणि इंजिन पूर्ण बंद असतानाही तो टाळता येतो.

उतारावर सायकलचे पेडल मारणे थांबवले तरी ती धावत राहते. चढावर पेडल थांबले, तर काही क्षणांतच तिचा वेग संपतो. उड्डाणानंतर वर चढणारे विमान अशा चढावर असते. इंजिनाची ओढ संपली, तर वैमानिकाने लगेच नाक खाली करून विमानाला 'उतारावर' आणले पाहिजे. हलक्या हौशी विमानांचे वजन कमी आणि काहींचा हवेतील अवरोध जास्त असतो. त्यामुळे त्यांचा वेग फार लवकर उतरतो.

अडचण अशी, की जमीन जवळ दिसत असताना नाक आणखी खाली करणे माणसाच्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. हात आपोआप दांडी मागे ओढतो. नाक वर जाते, वेग आणखी घटतो, पंख आणि हवा यांतील कोन वाढतो आणि विमान स्टॉलच्या उंबरठ्यावर येऊन ठेपते.

मागे वळण्याचा मोह का घातक ठरतो?

समोर शेत, रस्ता, झाडे किंवा घरे असतात. पाठीमागे नुकतीच सोडलेली लांब, मोकळी धावपट्टी असते. साहजिकच वैमानिकाला तिथे परतावेसे वाटते. 'एफएए'च्या विमानचालन पुस्तिकेत या मोहाचे साधे गणित दिले आहे.

समजा, विमान ३०० फुटांवर, म्हणजे साधारण ३० मजली इमारतीच्या उंचीवर असताना इंजिन बंद पडले. काय झाले हे कळून कृती करण्यात वैमानिकाचे ४ सेकंद जातात. सेकंदाला ३ अंश या नेहमीच्या गतीने वळले, तर १८० अंश वळायला एक मिनिट लागते. ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने तरंगणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्या २,१०० फूट असते. त्यामुळे वळण पूर्ण होते तेव्हा विमान धावपट्टीवर नसते, तर तिच्यापासून ४,२०० फूट बाजूला असते. धावपट्टीकडे तोंड करायला आणखी ४५ अंश वळावे लागते. एकूण ७९ सेकंद होतात. मिनिटाला १,००० फूट या दराने विमान खाली येत असेल, तर तोवर त्याने १,३१६ फूट उंची गमावलेली असते. हातात होते फक्त ३०० फूट!

वळण लहान करायचे तर विमान जास्त तिरके करावे लागते. तिथे दुसरा सापळा आहे. वळताना पंखांना विमानाच्या वजनापेक्षा जास्त भार पेलावा लागतो, त्यामुळे स्टॉल होण्याचा वेगही वाढतो. समांतर उंचीवरच्या वळणात ४५ अंश झुकाव असेल तर तो सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंश असेल तर ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ताशी ८० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान ६० अंशांच्या वळणात ताशी ११३ किलोमीटरलाच स्टॉल होते. म्हणजे इंजिन नसल्याने वेग घटत असतो आणि त्याच वेळी लागणारा किमान वेग वाढत असतो.

वारा त्यात भर घालतो. उड्डाण वाऱ्याला सामोरे जाऊन केलेले असते. मागे वळल्यावर तोच वारा पाठीमागून येतो, त्यामुळे जमीन वेगाने मागे पळताना दिसते. आपला वेग भरपूर आहे असे वैमानिकाला वाटते आणि तो नकळत दांडी आणखी ओढतो. पंखांना मात्र जमिनीवरचा वेग कळत नाही, त्यांना हवेतला वेग लागतो.

शेवटचा घाव बहुधा पायाने बसतो. विमान लवकर वळावे म्हणून वैमानिक रडर जास्त दाबतो. अशा घसरत्या वळणात एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून गरगरू लागते. याला 'स्पिन' म्हणतात. छोट्या विमानाची स्पिनमधली एक गिरकी साधारण ३ सेकंदांत होते आणि तेवढ्यात सुमारे ५०० फूट उंची जाते. ३०० फुटांवर त्यातून सावरायला जागाच नसते.

म्हणूनच सरळ समोरच्या शेतात, नियंत्रणात असलेले विमान कमी वेगाने उतरवणे हा पर्याय चांगला मानला जातो. विमान मोडू शकते, पण आतील माणसे वाचण्याची शक्यता बरीच अधिक असते.

इंजिन अर्धवट चालू राहणे अधिक धोकादायक कसे?

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धे चालू राहिलेले बरे, असे कोणालाही वाटेल. 'एटीएसबी'ने एक इंजिन असलेल्या विमानांच्या २००० ते २०१० या काळातील घटना तपासल्या, तेव्हा उलटे चित्र दिसले. यात हौशी आणि कारखान्यातील दोन्ही प्रकारची विमाने होती. उड्डाणानंतर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतील एकही प्राणघातक नव्हती. शक्ती अंशतः गेल्याच्या घटना होत्या २४२ आणि त्यांतील ९ प्राणघातक ठरल्या.

याचे कारण यंत्रापेक्षा माणसाच्या मनात आहे. इंजिन पूर्ण बंद पडले की प्रश्न सुटतो. खाली उतरण्यावाचून पर्याय नसतो आणि वैमानिक शिकवल्याप्रमाणे नाक खाली करतो. इंजिन खोकत, धडधडत चालू असेल, तर आशा जिवंत राहते. कदाचित ते सावरेल, कदाचित धावपट्टीपर्यंत नेईल, असे वाटत राहते. त्या आशेवर वैमानिक उंची टिकवण्यासाठी नाक वर धरतो, वेग हळूहळू संपतो, लक्ष इंजिनाच्या काट्यांकडे असते आणि विमान वळणात स्टॉल होते. इंजिन पूर्ण बंद पडण्याचा सराव सगळे करतात. अर्धवट शक्तीचा सराव मात्र कमी होतो, कारण ती किती जाईल आणि किती वेळ टिकेल, याचा अंदाज नसतो.

जॉन डेन्व्हर यांच्या अपघातातून काय समोर आले?

लोकप्रिय अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटरे उपसागरात विमान कोसळून मरण पावले. विमान हौशी बांधणीचे 'लाँग-ईझेड' होते. डेन्व्हर यांनी ते बांधलेले नव्हते, वापरलेले विकत घेतले होते आणि ते आदल्याच दिवशी त्यांच्या ताब्यात आले होते. त्यांना २,७०० तासांहून अधिक उड्डाणांचा अनुभव होता, पण या प्रकारच्या विमानाचा फारच थोडा.

मूळ आराखडा प्रसिद्ध विमानरचनाकार बर्ट रुटान यांचा. त्यात इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये, हाताशी होता. हे विमान बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर कोणती खूण कोणत्या टाकीची, हे लिहिलेले नव्हते. तो फिरवायचा तर मागे वळावे लागे. तसे वळताना उजवा पाय पेडलवर दाबला जाण्याची शक्यता होती.

डेन्व्हर यांनी उड्डाणापूर्वी इंधन भरले नाही. माँटरेच्या विमानतळावर धावपट्टीला स्पर्श करून पुन्हा उडण्याचा सराव करून ते किनाऱ्याकडे निघाले. हा अपघात धावपट्टी सोडताच झालेला नसला, तरी विमान काहीशे फूट उंचीवरच होते. इंजिनाचा आवाज कमी झाल्याचे काही प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. त्यानंतर विमान झुकून समुद्रात कोसळले. कॉक फिरवण्याच्या प्रयत्नात लक्ष विचलित होऊन उजवे पेडल नकळत दाबले गेले आणि नियंत्रण सुटले, असा निष्कर्ष 'एनटीएसबी'ने काढला. इंधन न भरणे हेही कारण मानले. कॉकची गैरसोयीची जागा, खुणांचा अभाव आणि या विमानाचे अपुरे प्रशिक्षण यांचाही त्यात वाटा असल्याचे नमूद केले.

विशेष म्हणजे 'लाँग-ईझेड'ची रचना सहजासहजी स्टॉल होऊ नये अशीच आहे. पण कमी उंचीवर इंधन तुटले आणि वैमानिकाचे लक्ष विमान उडवण्यावरून हटले, तर चांगली रचनाही वाचवू शकत नाही. 'एनटीएसबी'च्या २०१२ च्या अभ्यासातही हाच धागा दिसतो. २०११ मधील २२४ अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमाने वापरलेली विकत घेतलेली होती आणि १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले होते. बांधणाऱ्याला आपल्या विमानाच्या खोडी ठाऊक असतात. विमान विकले जाते तेव्हा हे ज्ञान सोबत जाईलच असे नाही.

मग मागे वळूच नये का?

यावर वैमानिकांत जुना वाद आहे. या वळणाला 'अशक्य वळण' असे नावच पडले आहे. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील डेव्हिड रॉजर्स यांनी १९९०च्या दशकात गणिताने दाखवले, की पुरेशी उंची असेल, साधारण ४५ अंश झुकाव ठेवला आणि वेग अचूक सांभाळला, तर परतणे शक्य आहे. मात्र हे गणित वैमानिकाचे कौशल्य, वारा, वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी यांवर अवलंबून असते. 'एफएए'नेही २०१८ मध्ये उड्डाण प्रशिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत या विषयाच्या प्रशिक्षणाचा समावेश केला.

याचा अर्थ वळण घ्यावे असा नाही. आपल्या विमानाला कोणत्या उंचीखाली वळणे अशक्य आहे, हे प्रत्येक वैमानिकाला आधीच माहीत असावे, असा आहे. त्यासाठी सुरक्षित उंचीवर, समजा ३,००० फुटांवर जाऊन, चढत असताना शक्ती कमी करायची, दचकण्याचे ४ सेकंद मोजायचे आणि मग वळून किती उंची गेली ते पाहायचे. बहुतेकांना येणारे उत्तर त्यांच्या अंदाजापेक्षा मोठे असते. त्यात मोकळा फरक मिळवून एक आकडा ठरवायचा. त्या आकड्याखाली इंजिन गेले, तर सरळ समोर किंवा थोडे डावी-उजवीकडे उतरायचे.

जमिनीवरच काय करता येईल?

इंजिनाला पुरेसे इंधन मिळेल की नाही, हे हवेत जाण्याआधी तपासता येते आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. विमानाचे नाक चढताना असते तितके उंच करायचे, इंजिनाजवळची नळी सोडून मोजपात्रात धरायची आणि घड्याळ लावायचे. प्रमाणित विमानांचा निकष असा, की इंधन पंपाने येत असेल तर प्रवाह उड्डाणावेळच्या गरजेच्या १२५ टक्के आणि गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर १५० टक्के असावा. उड्डाणावेळी ताशी २४ लिटर पिणाऱ्या इंजिनाला गुरुत्वाकर्षणाच्या व्यवस्थेत ताशी ३६ लिटर, म्हणजे मिनिटाला ६०० मिलिलिटर मिळाले पाहिजे. टाकीत अगदी थोडे इंधन असतानाही हा प्रवाह टिकतो का, तेही पाहायचे.

अशी चाचणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रासाठी मागावा, अशी शिफारस 'एनटीएसबी'ने २०१२ मध्ये केली. याशिवाय विमान घट्ट बांधून इंजिन पूर्ण शक्तीवर पुरेसा वेळ चालवणे, त्यानंतर गाळण्या उघडून पाहणे, टाकीत हवा जाण्याची छिद्रे तपासणे आणि इंधनाच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालणे, ही कामेही गॅरेजमध्येच होऊ शकतात.

चाचणी उड्डाणातही बदल झाले आहेत. पूर्वी या टप्प्यात बांधणाऱ्याला एकट्यानेच उडावे लागे. २०१४ पासून 'एफएए'ने ठरावीक अटींवर पात्र असा दुसरा वैमानिक सोबत नेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी पंख आणि हवा यांतील कोन दाखवणारे उपकरण छोट्या विमानांत बसवण्याची प्रक्रियाही सोपी करण्यात आली. वेगाचा काटा स्टॉल किती जवळ आला हे थेट सांगत नाही, हे उपकरण सांगते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

भारतात स्वतः विमान बांधणारे मोजकेच आहेत. त्यांतील सर्वाधिक गाजलेले नाव मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांचे. कांदिवलीतील चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडले गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे 'डीजीसीए'ची नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. परवानगीला लागलेल्या वर्षांची मोठी चर्चा झाली. परवान्यांची प्रक्रिया अधिक सुटसुटीत व्हावी ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र अन्य देशांचा अनुभव सांगतो, की कागदपत्रे कमी झाली तरी इंधनाच्या प्रवाहाची चाचणी, टप्प्याटप्प्याने उड्डाणे आणि त्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण यांना फाटा देता येत नाही.

वैमानिकाच्या हातात नेमके काय उरते?

इंजिन कधी बंद पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण ते बंद पडल्यावर काय करायचे हे आधी ठरवता येते. म्हणून अनुभवी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी उभे असताना काही वाक्ये मोठ्याने म्हणतात. धावपट्टी शिल्लक असताना शक्ती गेली, तर थ्रॉटल बंद करून थांबायचे. ठरवलेल्या उंचीखाली गेली, तर नाक खाली आणि सरळ समोर. अर्धवट गेली, तरी नियम तोच. त्या उंचीच्या वर गेली, तरच परतीचा विचार. एवढे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही. हवेत मात्र हाच निर्णय घ्यायला चारच सेकंद मिळतात.